नवऱ्याच्या मारहाणीपासून वाचण्यासाठी घरात हत्यार ठेवलं तर? कायदा नेमकं काय सांगतो

२०१७ ची अक्षय्य तृतीया. मध्य प्रदेशातल्या सागर जिल्ह्यात गढाकोटा इथे सामुदायिक विवाह सोहळा सुरू होता. राज्याचे तेव्हाचे मंत्री गोपाल भार्गव यांनी सुमारे ७०० नववधूंना एक वेगळीच भेट दिली. कपडे धुताना वापरतात ती लाकडी मोगरी. ही दारुड्यांना चोपण्यासाठीची भेट आहे, असं त्या मोगरीवर लिहिलेलं होतं. आणखी एक वाक्य होतं. त्याचा अर्थ होता, पोलीस काही बोलणार नाहीत.

फोटो व्हायरल झाले. कुणी हसलं, कुणी कौतुक केलं. पण मोगरीवरचं ते दुसरं वाक्य खरं होतं का? मार खाणाऱ्या बाईने उलट हात उचलला, तर पोलीस खरंच काही बोलत नाहीत?

बोलतात. गुन्हा दाखल होऊ शकतो, अटक होऊ शकते आणि प्रकरण खुनाच्या कलमापर्यंत जाऊ शकतं. पण कायद्याने बाईचे हात पूर्ण बांधलेले आहेत, असंही नाही. स्वतःचा जीव वाचवण्याचा हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलेला आहे. तो कधी मिळतो, कधी मिळत नाही आणि घरातल्या मारहाणीत तो कुठे अपुरा पडतो, ते नीट समजून घेऊया.

हत्याराची चर्चा होते कशामुळे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१), देशातल्या १८ ते ४९ वयोगटातल्या विवाहित किंवा कधीकाळी विवाहित असलेल्या २९.३ टक्के महिलांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. म्हणजे जवळपास दर तीनपैकी एक. याच सर्वेक्षणात दिसतं की हिंसा सोसलेल्या महिलांपैकी मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के आहेत.

मदत मिळेल यावर विश्वास नसतो, तिथे हत्याराचा विचार येतो. बुंदेलखंडात संपत पाल यांच्या गुलाबी गँगमधल्या गुलाबी साडीतल्या बायका हातात लाठ्या घेऊन मारकुट्या नवऱ्यांच्या दारात जाऊ लागल्या, त्या याच अविश्वासातून. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर २०१३ च्या जानेवारीत शिवसेनेने मुंबईत महिलांना छोटे चाकू वाटले. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्याने खास महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं पॉइंट ३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. वजन सुमारे ५०० ग्रॅम, तेव्हाची किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये.

चाकू आणि रिव्हॉल्व्हर पुढे आले ते रस्त्यावरच्या अनोळखी पुरुषाला डोळ्यांसमोर ठेवून. मोगरी आणि लाठीचा रोख मात्र घरातल्या पुरुषावर होता. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

घरात काय ठेवायला परवानगी आहे?

लाठी, विळी, कोयता, स्वयंपाकघरातली सुरी: शस्त्र अधिनियम १९५९ नुसार फक्त घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तू 'शस्त्र' या व्याख्येत येत नाहीत. साधी काठीही येत नाही. त्या घरात ठेवायला परवाना लागत नाही.

मोठा चाकू, खंजीर, तलवार: शस्त्र नियमांमध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे, घरगुती वा शेतीच्या वापराचे नसलेले चाकू धारदार शस्त्रांच्या यादीत आहेत. तलवार आणि खंजीरही त्याच यादीत आहेत. पण म्हणून छोटा चाकू पर्समध्ये ठेवून कुठेही फिरता येतं असं नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली पोलीस एखाद्या भागात ठरावीक काळासाठी चाकू, काठ्या, लाठ्या घेऊन फिरायला बंदी घालू शकतात.

मिरचीपूड आणि पेपर स्प्रे: मिरचीपूड घरात असतेच आणि पेपर स्प्रे विकत घ्यायला परवाना लागत नाही. पण 'परवाना नाही म्हणजे कसाही वापरा' हा गैरसमज आहे. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने पेपर स्प्रे मारल्याचा एक गुन्हा रद्द करायला नकार दिला. जिवाला तातडीचा धोका दिसत नसताना तो स्वसंरक्षणासाठी मारला असं म्हणता येणार नाही, असं न्यायालयाचं प्रथमदर्शनी मत होतं.

पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर: परवाना हवाच. वय किमान २१, पोलीस पडताळणी, अर्जात ठोस कारण. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो, इतर ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांकडे. विनापरवाना बंदूक सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षांची कैद आहे. 'जीव वाचवायला गावठी कट्टा घेतला' हे कारण या गुन्ह्यातून सोडवत नाही.

स्वसंरक्षणाचा हक्क म्हणजे काय?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. स्वसंरक्षणाची जुनी कलमं ९६ ते १०६ आता ३४ ते ४४ झाली आहेत. आशय जवळपास तोच आहे.

पहिली गोष्ट, स्वतःच्या किंवा दुसऱ्या कुणाच्याही शरीराचं रक्षण करताना केलेली कृती गुन्हा ठरत नाही. आई मुलाला वाचवायला मध्ये पडली तरी हा हक्क तिला मिळतो.

दुसरी गोष्ट, हल्ला होईपर्यंत थांबावं लागत नाही. धोक्याची वाजवी भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंत टिकतो.

तिसरी गोष्ट, गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. आणि सरकारी यंत्रणेची मदत घ्यायला वेळ असेल, तर हा हक्कच मिळत नाही.

चौथी गोष्ट कलम ३८ ची. हल्ला किती गंभीर असेल तर हल्लेखोराचा जीव गेला तरी गुन्हा होत नाही, हे त्यात सांगितलं आहे. मृत्यूची भीती, गंभीर दुखापतीची भीती, बलात्कार, अनैसर्गिक अत्याचार, अपहरण, मदत मागता येणार नाही असं डांबून ठेवणं आणि ॲसिड हल्ला, असे ते सात प्रसंग आहेत. 'गंभीर दुखापत' या शब्दालाही ठरलेला अर्थ आहे. हाड मोडणं, दात पडणं, कायमची दृष्टी जाणं, १५ दिवस तीव्र वेदना होणं, हे त्यात येतं.

२०१० मध्ये दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची तत्त्वं एकत्र मांडली. जीव मुठीत धरलेल्या माणसाने मोजूनमापून वार करावेत अशी अपेक्षा ठेवता येत नाही, हे त्यातलं एक. आरोपीला स्वसंरक्षण संशयापलीकडे सिद्ध करावं लागत नाही, ते शक्य वाटतं इतपत दाखवलं तरी पुरतं, हे दुसरं.

तीन प्रसंग, तीन वेगळे निकाल

पहिला प्रसंग. नवरा बायकोचा गळा आवळतोय. ती हाताला लागेल ते, समजा वरवंटा, उचलून मारते आणि तो मरतो. गळा आवळला जात असताना मृत्यूची भीती वाजवी आहे. इथे स्वसंरक्षणाचा दावा भक्कम असतो.

दुसरा प्रसंग. नवरा एक थोबाडीत मारतो. ती सुरी पोटात खुपसते. थोबाडीत मारणं हा गुन्हाच आहे आणि त्याला रोखायचा तिला हक्क आहे. पण त्या क्षणी मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची भीती होती, हे दाखवता आलं नाही तर हक्काची मर्यादा ओलांडली असं न्यायालय म्हणू शकतं. मर्यादा प्रामाणिकपणे, सूडाच्या हेतूशिवाय ओलांडली गेली असेल तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचं कलम लागू शकतं. म्हणजे शिक्षा कमी, पण सुटका नाही.

तिसरा प्रसंग. रात्रभर मारहाण करून, सकाळी जिवंत ठेवणार नाही म्हणून नवरा झोपतो. ती झोपलेल्या माणसावर वार करते. तिच्या दृष्टीने धोका संपलेला नाही, सकाळपर्यंत पुढे ढकललाय एवढंच. कायद्याच्या दृष्टीने मात्र झोपलेला माणूस हल्ला करत नसतो आणि पोलिसांकडे जायला वेळ होता. इथे स्वसंरक्षणाचा दावा सहसा टिकत नाही.

इथे अडचण काय आहे?

स्वसंरक्षणाचा कायदा एका क्षणाकडे बघतो. दोन माणसं, अचानक हल्ला, तिथल्या तिथे प्रतिकार. घरातली हिंसा मात्र वर्षानुवर्षं चालते. हल्लेखोर त्याच घरात राहतो, त्याच पलंगावर झोपतो. त्याची ताकद बहुधा जास्त असते, म्हणून समोरासमोर प्रतिकार करणं बाईला अनेकदा शक्यच नसतं. जेव्हा शक्य होतं, म्हणजे तो झोपेत किंवा दारूत असतो, तेव्हा कायदा म्हणतो की आता धोका नव्हता.

दुसरा बचाव असतो 'गंभीर आणि अचानक चिथावणी'चा. त्यात खून सदोष मनुष्यवध ठरू शकतो. या बचावाची भारतातली सगळ्यात गाजलेली कसोटी मुंबईत ठरली आणि तो खटला एका पुरुषाचा होता. नौदल अधिकारी के. एम. नानावटी यांनी १९५९ मध्ये बायकोच्या प्रियकरावर गोळ्या झाडल्या. बायकोने कबुली दिल्यानंतर नानावटी जहाजावर गेले, रिव्हॉल्व्हर घेतलं आणि मग त्या माणसाच्या फ्लॅटवर पोचले. मधल्या वेळात डोकं शांत व्हायला पुरेशी संधी होती, असं सांगत सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये हा बचाव फेटाळला. मृताच्या आधीच्या वागण्याने आरोपीची मनःस्थिती कशी घडली हे बघता येतं, असंही त्याच निकालात आहे. छळ सोसलेल्या बाईच्या वकिलाला हाच धागा उपयोगी पडतो.

काही न्यायालयांनी तो धागा पुढे नेला. १९८९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका विवाहितेच्या खटल्यात मान्य केलं की चिथावणी एकाच क्षणाची असायला हवी असं नाही, ती दीर्घकाळ साचत आलेलीही असू शकते. २०१३ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने आसाममधल्या एका बाईच्या खटल्यात, सतत मारहाण सोसलेल्या स्त्रीच्या मनावर काय परिणाम होतो याचा विचार केला. दारुड्या नवऱ्याच्या मारहाणीत तिने लाकडाने वार केले होते. न्यायालयाने तिची खुनाची शिक्षा बदलून सदोष मनुष्यवधाची केली. हे निकाल दिलासा देणारे आहेत, पण कायद्याच्या पुस्तकात ही तरतूद नाही. ती प्रत्येक वेळी न्यायालयात पटवून द्यावी लागते.

ब्रिटनमध्ये हा बदल एका पंजाबी बाईच्या खटल्याने पुढे नेला. किरणजित अहलुवालिया यांनी दहा वर्षांच्या छळानंतर १९८९ मध्ये झोपलेल्या नवऱ्याला पेटवलं. त्यांना खुनासाठी जन्मठेप झाली. 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स' या संघटनेने मोहीम चालवली. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली आणि फेरसुनावणीत छळाने ढासळलेल्या मानसिक अवस्थेमुळे खुनाऐवजी मनुष्यवध मान्य झाला. तोपर्यंत भोगलेली ३ वर्षं ४ महिने हीच शिक्षा धरून त्यांची सुटका झाली. पुढे २००९ च्या कायद्याने तिथे चिथावणीच्या जुन्या बचावाची जागा नव्या बचावाने घेतली. त्यात भान सुटणं 'अचानक'च असायला हवं, ही अट नाही. भारताच्या नव्या न्याय संहितेत मात्र 'गंभीर आणि अचानक' हे शब्द तसेच आहेत.

आणखी एक फट आहे. कलम ३८ नुसार बलात्काराच्या हेतूने हल्ला झाला तर टोकाचा प्रतिकार करता येतो. पण १८ वर्षांवरील पत्नीशी पतीने केलेला बळजबरीचा संबंध कायद्याच्या व्याख्येत बलात्कार ठरत नाही. त्यामुळे रस्त्यावरच्या अनोळखी माणसाविरुद्ध बाईला थेट मिळणारा हा आधार नवऱ्याविरुद्ध मिळताना अडचण येते. तिला मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची भीती होती, हे वेगळं दाखवावं लागतं.

हत्यार शेवटी कुणाच्या हातात जातं?

रस्त्यावर पर्समधला पेपर स्प्रे फक्त त्या बाईच्या हाताशी असतो. घरातलं हत्यार मात्र दोघांच्या हाताशी असतं. कपाट तेच, किल्ली तीच.

अमेरिकेत घरोघरी बंदुका असल्याने तिथे याचा अभ्यास झाला आहे. ११ शहरांमधल्या प्रकरणांवर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की छळ करणाऱ्या पुरुषाला बंदूक उपलब्ध असेल, तर बाईचा खून होण्याचा धोका सुमारे पाचपट वाढतो. तिथल्या कायद्यानेही पीडितेला सशस्त्र करण्यापेक्षा छळणाऱ्याची बंदूक काढून घेण्याचा मार्ग धरला. घरगुती हिंसेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला १९९६ पासून बंदूक बाळगता येत नाही. न्यायालयाने ज्याला जोडीदारासाठी धोकादायक ठरवून दूर राहायला सांगितलंय, त्याच्यावरची बंदीही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये ८ विरुद्ध १ मतांनी कायम ठेवली.

अशी सोय भारतातही आहे, फक्त ती फारशी कुणाला माहीत नाही. घरगुती हिंसाचाराच्या २००६ च्या नियमांमध्ये, हिंसेत वापरलेलं हत्यार पोलिसांच्या मदतीने जप्त करणं हे संरक्षण अधिकाऱ्याच्या कामांमध्ये लिहिलेलं आहे. नवऱ्याकडे परवान्याची बंदूक असेल, तर सार्वजनिक सुरक्षेच्या कारणावरून तो परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ खाली परवाना अधिकाऱ्याला आहे. तसा लेखी अर्ज बायकोला करता येतो.

मग हातात काय आहे?

घरगुती हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा. हा दिवाणी स्वरूपाचा दिलासा देतो. म्हणजे नवऱ्याला तुरुंगात पाठवायचं नसलं तरी वापरता येतो. यात चार गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

• संरक्षण आदेश: नवऱ्याने हिंसा करू नये, संपर्क साधू नये, कामाच्या ठिकाणी येऊ नये.

• निवासाचा आदेश: घर कुणाच्याही नावावर असलं तरी बाईला बाहेर काढता येत नाही. उलट, मारणाऱ्या नवऱ्यालाच घराबाहेर राहायला न्यायालय सांगू शकतं.

• तातडीचा एकतर्फी आदेश: धोका दिसत असेल तर नवऱ्याचं म्हणणं ऐकण्याआधीही आदेश निघू शकतो.

• आदेश मोडला तर १ वर्षापर्यंत कैद, २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.

कागदावर पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत व्हायला हवा. प्रत्यक्षात वेळ लागतो, म्हणून अर्जातच तातडीचा आदेश मागणं महत्त्वाचं ठरतं. फौजदारी तक्रार करायची असेल तर जुनं ४९८ अ आता न्याय संहितेचं कलम ८५ आहे.

आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती नोंद. मारहाण झाल्यावर सरकारी दवाखान्यात जाऊन, जखम कशी झाली हे खरं सांगून केलेली वैद्यकीय नोंद. संरक्षण अधिकाऱ्याकडचा घरगुती घटना अहवाल. पोलीस ठाण्यातली तक्रार, अगदी अदखलपात्र का असेना. जखमांचे फोटो आणि धमकीचे मेसेज विश्वासातल्या माणसाला पाठवून, मूळ फोनमध्येही जपून ठेवलेले. याच नोंदींवर संरक्षण आदेश मिळतो. आणि पुढे कधी जीव वाचवताना हात उचलावाच लागला, तर त्या बाईची भीती वाजवी होती हे याच नोंदी सांगतात. 'आधी पोलिसांकडे का गेला नाहीत?' या प्रश्नाचं उत्तरही त्यांच्याकडेच असतं.

घर सोडायचं ठरलं असेल तर ते जाहीर करून सोडू नये. वेगळं होण्याच्या आसपासचा काळ सगळ्यात धोक्याचा असतो. आधार कार्ड, मुलांचे दाखले, बँकेची कागदपत्रं, थोडे पैसे आधीच शेजारी किंवा माहेरी ठेवता येतात. सुरक्षेचा असा आराखडा संरक्षण अधिकाऱ्यासोबत बनवता येतो, नियमांमध्ये त्याचा नमुनाही दिलेला आहे.

प्रतिकारात नवरा जखमी झाला तर?

लगेच ११२ वर फोन करून पोलीस आणि रुग्णवाहिका बोलवावी. पळून जाणं, जागा पुसून काढणं किंवा खोटी गोष्ट रचणं हे न्यायालयात उलटतं. स्वतःच्या जखमांची त्याच दिवशी वैद्यकीय तपासणी मागावी, कारण गळ्यावरचे वळ दोन-तीन दिवसांत पुसट होतात. फाटलेले कपडे धुऊ नयेत. सविस्तर जबाब देण्याआधी वकिलाशी बोलावं. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत सरकारी वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याने तसा हक्क दिला आहे.

कुठे फोन करायचा?

तातडीची मदत: ११२
महिला हेल्पलाइन: १८१
मोफत कायदेशीर मदत: १५१००

याशिवाय जिल्ह्यातलं 'सखी' वन स्टॉप सेंटर आहे. तिथे तात्पुरता निवारा, उपचार, पोलीस आणि वकील यांची मदत एकाच ठिकाणी मिळते. महाराष्ट्रात पोलिसांसोबत काम करणारे महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष आहेत. त्यातला पहिला १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू झाला. मुंबईत महापालिका रुग्णालयांमधली 'दिलासा' केंद्रंही आहेत. उपचारासाठी आलेल्या बाईला तिथेच समुपदेशन मिळतं, आधी तक्रार करावी लागत नाही.

एखादी मैत्रीण, वहिनी किंवा शेजारीण 'आता उशाला सुरी ठेवून झोपते' असं म्हणाली, तर ते हसण्यावारी नेऊ नका. आपल्या जिवाला धोका आहे, हेच ती सांगत असते. संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देण्यासाठी तुम्ही तिचे नातेवाईक असण्याची गरज नाही. कुणीही माहिती देऊ शकतं, आणि चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीसाठी देणाऱ्यावर कारवाई होत नाही, असं २००५ च्या कायद्याचं कलम ४ सांगतं.